दीड सूत

कोल्हापूर,
५ जानेवारी २०२५

उदा,

फोन तू उचलत न्हाईस. तीनदा लावला. चौथ्यांदा वाजायचाबी बंद झाला. पोरगी सुट्टीला आलीया, तिनं बघितलं आणि म्हणली, अब्बा, उदयसिंहकाकांनी तुम्हाला ब्लॉक केलंय. म्हणलं केलं तर केलं. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघाली न्हाय. तवा हे पत्र. फाडायचं आसंल तर खुशाल फाड, पण वाचून फाड मर्दा. बावीस वर्सांत पहिलंच हाय.

मी नोव्हेंबरात रिटायर झालो. चाळीस वर्सं फौंड्रीच्या साच्यांसाठी लाकडाचे नमुने, आपले पॅटर्न, केले, आता तेबी कॉम्प्युटरवर कराय लागलेत. शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. घरी बसलो. तिसऱ्या दिवशी मेहरुन्निसा म्हणली, तुम्ही सारखं स्वयंपाकघरात येऊन डब्यांची झाकणं उघडून बघू नका, काय तरी उद्योग धरा. मग मी शेडात गेलो आणि ताडपत्री ओढली.

व्हय, तीच. आपली छप्पन सालची लँडमास्टर मोटार. गारगोटीच्या डॉक्टरांच्या गोठ्यातनं तुझ्या मामाच्या ट्रॅक्टरला बांधून आणलेली. चारी टायर जमिनीला टेकलेत. मागच्या सीटमध्ये उंदरांच्या तीन पिढ्या नांदून गेल्यात, वायरिंग तर त्यांनी जेवायलाच वापरलंय. पण पत्रा, उदा, पत्रा शाबूत हाय. बॉनेटवरची धूळ पुसली तर तो हिरवा रंग दिसला, ज्याच्यावरनं आपण चार दिवस भांडलोतो. तू म्हणायचास पोपटी झालाय. बघितला. पोपटीच झालाय.

तर ऐक. मी ती चालू करणार हाय. आणि चालू झाली की तू शेजारच्या सीटवर पाहिजेस. बास, मागणं एवढंच. दोघांनी आणली, तवा एकट्यानं गेटाबाहेर काढायची न्हाय असं मी ठरवलंया. तू आला न्हाईस तर ती चालू होऊनबी शेडातच ऱ्हाणार. मेहरुन्निसा म्हणती, ही धमकी हाय का आमंत्रण? म्हणलं त्याला कळतंय काय हाय ते.

विमलावहिनींना सलाम सांग. सांगायचा आसंल तर.

खिजर


कोल्हापूर,
२ फेब्रुवारी

उदा,

उत्तर आलं न्हाय. येईल असं वाटलंबी नव्हतं, पण रोज अकराच्या सुमाराला गेटापाशी काय तरी काम निघतंय खरं.

इंजिन जाम व्हतं. प्लग काढून चारी भोकांत डिझेल ओतलं आणि बारा दिवस तसंच मुरू दिलं. रोज सकाळी हँडल लावून बघायचो, हालायचं नाव न्हाय. तेराव्या दिवशी, काय सांगू तुला, बोटभर हाललं. मी तिथंच फरशीवर बसलो. मेहरुन्निसा धावत आली, तिला वाटलं मला काय झालं. म्हणलं अगं हाललं. ती म्हणली, कोण? दुसऱ्या दिवशी अर्धा फेरा, तिसऱ्या दिवशी पुरा. आता जत्रेतल्या पाळण्यागत फिरतंय.

पेट्रोलची टाकी काढली. आत गंजाचा चिखल. मूठमूठ बारीक खडी टाकली, झाकण बांधलं आणि टाकी धरून तासभर हालवत बसलो. गल्लीतल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. सीटचं काम मेहरुन्निसानं अंगावर घेतलंय. आयुष्यभर बायकांचे ब्लाऊज शिवलेत, तिच्या मशीनखाली रेक्झिन गेलं तशा सात सुया तुटल्या. प्रत्येक सुईला तिनं मला एक एक ऐकवलंय. पण शिवण बघशील तर बघत बसशील.

आता मुद्द्यावर येतो, किती टाळू?

मॅनिफोल्ड. इंजिनातला धूर बाहेर नेणारं ते ओतीव लोखंडाचं नळकांडं. जुना मधोमध फुटलाय, तेवढ्यासाठीच तर सगळं रखडलंतं. नवा आपण आपल्या हातानं करायचा ठरवलं, मी पॅटर्न केला, तू वाळूत साचा भरून ओतलास. आणि बसवाय गेलो तर पहिलं तोंड इंजिनाला बसलं, शेवटचं दीड सूत अलीकडंच ऱ्हायलं. मग मी फौंड्रीत, मालकासमोर, सगळ्या माणसांसमोर म्हणलं, पिऊन साचा भरलास काय? तू, ज्यानं आयुष्यात सुपारी खाल्ली न्हाय. तू हातातली थापी खाली ठेवलीस आणि गेलास. महिन्याभरात गाव सोडून राधानगरीकडं, सासुरवाडीला, म्हशींत.

काल डिकी साफ करताना तो जुना पॅटर्न सापडला. फुटक्या मॅनिफोल्डशेजारी ठेवून मापला. दोन्ही सारखेच लांब, अठरा इंच. पोरीनं विचारलं, सारखे आहेत मग बरोबरच आहे की अब्बा. तिला सांगितलं, बाळा, तापलेलं लोखंड गार होताना आखडतं. फुटाला एक सूत, म्हंजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा असतो, त्याची आमची पट्टीच वेगळी असती, तिच्यावरचा इंचच जरा मोठा असतो. मी त्या दिवशी घरी काम करत बसलोतो, फौंड्रीला सुट्टी होती, आपली पट्टी तिथंच कुलपात. मी तिच्याच दप्तरातली शाळेची पट्टी घेतली आणि नंतर वाढवाय विसरलो. दीड फुटाला दीड सूत. तुझा साचा शंभर टक्के बरोबर व्हता.

चूक माझी हाय, हे काल मला कळलं. म्हणून लगेच लिहितोय.

खिजर


कोल्हापूर,
९ मार्च

उदा,

रोजे चालू हायत. आज आठवा. सकाळी नमाज पढताना लक्ष लागंना, सारखं मागचं पत्र डोळ्यासमोर. तवा पंचर काढल्यासारखं एकदाच काढून टाकतो.

मागच्या पत्रात खोटं लिहिलंय. काल कळलं म्हणलं ना, ते खोटं. मला आठव्या दिवशीच कळलंतं. २००३ मध्ये, तू फौंड्रीत यायचा बंद झालास त्याच्या आठव्या दिवशी. मी पॅटर्न मापला आणि तो डिकीत टाकला. आपोआप कुठनं सापडणार, मीच ठेवलेला. डिकी बंद केली. मग गाडीवर ताडपत्री टाकली. लोक म्हणायचे खिजरला गाडी बघवत न्हाय, दोस्त गेला म्हणून. मला गाडी न्हाय, डिकी बघवत नव्हती.

तू गाव सोडलास तवा मला ठाऊक व्हतं चूक कुणाची. मालकानं मला विचारलंबी, उदयसिंहचा हात एवढा चुकला कसा? मी म्हणलं, होतं कधी कधी. जिल्ह्यात तुझ्यासारखा साचा भरणारा नव्हता, उदा. मी म्हणलं होतं कधी कधी.

एकदा तुझ्याकडं याय निघालोतो. २००५ साल आसंल. राधानगरीच्या एसटीत बसलो, भोगावतीला उतरलो, एक चहा घेतला, दुसरा घेतला, आणि उलट्या एसटीनं परत आलो. मेहरुन्निसाला सांगितलं फौंड्रीच्या कामाला गेलतो. तिलाबी आजच कळलं सगळं. हातातली शिवण बाजूला ठेवली. मग म्हणली, बावीस वर्सं तुम्ही मला सांगत आलात की उदयसिंहभाऊ रागीट आहेत.

माझं चुकलं. माफ कर असं म्हणायचा अधिकार हाय का न्हाय ठाऊक न्हाय, पण म्हणतोय. माफ कर.

नवा पॅटर्न केलाय, जुन्या सागवानाचा. ह्या वेळी पट्टी आपली. तीन वेळा मापलाय, चौथ्यांदा मेहरुन्निसानं शिवायच्या टेपनं मापला. एसटीच्या पार्सलनं पाठवतोय. आपल्या फौंड्रीत आता मालकाचा पोरगा उन्मेष बसतो, तो म्हणतो काका, हातानं असला साचा भरणारं आमच्याकडं कोण ऱ्हायलं न्हाय, सगळं मशीनवर. लोखंड देतो, माणूस तुम्ही आणा. माणूस एकच हाय. भरशील तर भर. न्हाय तर चुलीत घाल, सागवान हाय, झकास जळंल.

खिजर


कोल्हापूर,
१३ एप्रिल

उदा लेका,

काल एसटी स्टँडवरनं फोन आला, पार्सल आलंय. पॅटर्न परत पाठवलास. पोत्यात गुंडाळलेला, सुतळीची गाठ तुझीच, सुरी लावल्याबिगर सुटायची न्हाय अशी. चिठ्ठी न्हाय, कागद न्हाय. पोतं झाडून बघितलं, नुसता कडबा पडला. म्हणलं झालं, उत्तर मिळालं. स्टँडवरच बाकड्यावर बसलो.

मग पॅटर्न उलटा केला तर खालच्या अंगाला पेन्सिलीनं लिहिलंय, "इथं उतार न्हाय. वाळूतनं काढताना साचा फुटंल. डोकं कुठं ठेवलंतंस?"

उदा, मी ते स्टँडवर मोठ्यानं वाचलं. शेजारच्या पावण्याला दाखवलं. तो म्हणला, कुणी लिहिलंय हे, लई उर्मट माणूस दिसतोय. म्हणलं व्हय, लई उर्मट हाय, माझा दोस्त हाय. त्याला चहा पाजला. रिक्षावाल्याला दाखवलं. घरी येऊन मेहरुन्निसाला दाखवलं तर ती म्हणली, शिवी दिलीया त्यांनी तुम्हाला, आणि तुम्ही नाचताय काय? तिला काय कळणार. बावीस वर्सं मला कुणी कामावरनं शिवी दिली न्हाय. सगळे साहेब म्हणायचे, साहेब म्हणून घड्याळ दिलं.

आणि तुझं बरोबर हाय. उतार नव्हताच. म्हातारा झालोय. संध्याकाळीच रंधा मारून उतार काढला, कोपरे मेणानं भरले, शेलॅकचे दोन हात दिले. आज परत पाठवतोय. ह्यात काय चूक सापडली तर पेन्सिलीनं न्हाय, येऊन तोंडावर सांग.

इकडं बाकीचं बरंच उरकलंय. वायरिंग नवं टाकलं. ब्रेक अजून एका बाजूला ओढतो, तुझ्या मामागत. सीट बसलीत. मागच्या सीटवर मेहरुन्निसा दुपारी मटारची टोपली घेऊन सोलाय बसती. म्हणती घरात असली मऊ जागा दुसरी न्हाय. ईदला शीरखुर्मा पाठवणार व्हतो, पण तुझ्या दारात तो ओतला गेला असता तर मेहरुन्निसानं मला ओतलं असतं, म्हणून ऱ्हायला. आता पाठवतो, शेवया सुक्या, दूध तुझं घाल.

खिजर


कोल्हापूर,
११ मे

उदा,

तू माणूस हाईस का कोण हाईस?

मंगळवारी उन्मेषचा फोन. काका, येऊन घेऊन जा, मॅनिफोल्ड तयार आहे. म्हणलं कुणी केला? तर म्हणतो, रविवारी सकाळी उदयसिंहकाका आलते. धोतर खोचलं, वाळू हातात घेऊन वास घेतला, म्हणाले कसली रे वाळू वापरता. मग दिवसभर एकटे बसून साचा भरला, आतल्या पोकळीसाठी वाळूचा कोअर बसवला, लोखंड आपल्या डोळ्यासमोर ओतून घेतलं. गार होईस्तोवर शेजारी बसून ऱ्हायले, आणि सहाच्या एसटीनं गेले. जाताना म्हणाले, मी गेल्यावर खिजरला सांगा.

म्हंजे तू कोल्हापुरात आलास. माझ्या घरापासनं दोन किलोमीटरवर दिवसभर बसलास. जेवलास कुठं? मेहरुन्निसानं मला हाच प्रश्न चार वेळा विचारला, जसं काय मीच तुला उपाशी घालवला. खरंच सांगतो, पहिल्यांदा राग आला. मग फौंड्रीत जाऊन पोतं सोडलं आणि तो मॅनिफोल्ड हातात घेतला.

काय ओतलायस, उदा. कुठं एक भोक न्हाय, कुठं वाळू चिकटलेली न्हाय. अंगावरनं हात फिरवला तर लोखंड वाटतच न्हाय. बावीस वर्सं म्हशींच्या धारा काढणारा हात हा? तोंडं मशीनवर साफ करून घेतली, भोकं पाडली, घरी आणला. इंजिनाला लावला. पहिलं तोंड बसलं. दुसरं बसलं. शेवटच्याला मी डोळे मिटले. मेहरुन्निसा म्हणली, उघडा, बसलंय.

सूतभरबी फरक न्हाय.

आज सकाळी बॅटरी लावली. धुतलेल्या टाकीत दोन लिटर पेट्रोल. पहिल्या वेळी नुसती खोकली. दुसऱ्या वेळी मागनं असा बार काढला की गल्लीतली कुत्री थेट बागल चौकापर्यंत गेली आसतील. तिसऱ्या वेळी धरली. आधी एका पायावर लंगडली, मग दोन, मग चारी सिलिंडर एका सुरात. काळा धूर, मग निळा, मग काय न्हाय. पोपटी बॉनेट थरथरत व्हतं आणि मी त्याच्यावर दोन्ही हात ठेवून उभा. रडलो. लपवत न्हाय, लपवायचं आता सोडलंय. मेहरुन्निसा मागच्या सीटवर पदर सावरून बसलेली, म्हणली, माझ्या शिलाई मशीनपेक्षा आवाज कमी आहे. हे तिचं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट.

गल्ली सगळी जमली. सगळे म्हणले, काढा की बाहेर, एक फेरी मारू रंकाळ्याला. मी बंद केली आणि किल्ली खिशात घातली. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला चालवाय येत न्हाय.

तू येऊन ओतून गेलास, दारात आला न्हाईस. ह्याचा अर्थ काय लावू? माफ केलंस, का काम म्हणून काम केलंस? रागावलेला असशील तर राहा, तुझा हक्क हाय. पण एकदा सांग. शेजारची सीट रिकामी हाय, तिच्यावर मेहरुन्निसानं टॉवेल घातलाय, धूळ बसू नये म्हणून. मलाबी बसू देत न्हाय.

खिजर


मु. पो. तारळे, ता. राधानगरी,
१५ मे

खिजऱ्या,

मला तुझ्यागत लिहाय येत न्हाय. हे दुधाच्या टेम्पोवाल्याच्या हातात देतोय, म्हंजे आज मिळंल.

पत्रं सगळी पोचली. पहिलं वाचलं, हसलो. दुसरं वाचलं, म्हणलं आता लिहूया. तिसरं वाचलं आणि मला ताप आला. विमलाला वाटलं उन्हाचा हाय.

का आला ते ऐक. तुला आठव्या दिवशी कळलं. मला पहिल्याच दिवशी कळलंतं. तू पॅटर्न दिलास, मी तो वाळूत ठेवायच्या आधी फुटक्या मॅनिफोल्डशेजारी ठेवला. तसा माझा नेमच हाय. दोन्ही सारखे. साचा भरणाऱ्या माणसाला हे आंधळ्यानं सांगितलं तरी कळतंय, सारखा हाय म्हंजे ओतल्यावर कमी येणार. तुला हाक मारायची, एवढंच काम व्हतं. तू दहा पावलांवर व्हतास.

न्हाय मारली. आदल्या आठवड्यात तू चहाच्या गाड्यावर म्हणालातास, साचा भरायला मनगट लागतं, डोकं पॅटर्नवाल्याचं. सगळे हसले. मीबी हसलो. पण लागलं मनाला. म्हणलं ओततोच आता, ह्याच्या डोक्याची एकदा जिरू दे. मुद्दाम ओतला, खिजर. चांगला मन लावून ओतला.

मग तू उलटा माझ्यावरच ओरडलास. काय बोलणार? पॅटर्न चुकलाय म्हणलं असतं तर मालकानं विचारलं असतं, दिसलं व्हतं तर ओतलास कशाला? थापी ठेवली आणि आलो. तुला वाटतं रागानं आलो. मी लाजंनं आलो.

हिकडं सगळ्यांना सांगितलं, खिजरनं चारचौघात माझी इज्जत काढली. बावीस वर्सं विमला तुझ्या नावानं बोटं मोडतीया. परवा तिला खरं सांगितलं. आता माझ्या नावानं मोडतीया. जेवाय वाढती, बोलत न्हाय. भाभीच्या शेवयांची खीर केलीया तिनं, तीबी मला अर्धीच वाटी दिली.

तू माफी मागत सुटलास आणि मला तोंड दाखवायची पंचाईत झाली. जानेवारीत तुझा फोन बंद केला तोबी लाजंनंच. मॅनिफोल्ड ओतून तुझ्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आलोतो. गेट दिसलं. भाभीचा आवाज ऐकू आला, तुलाच ओरडत व्हती. परत फिरलो. माफी मी मागायची का तू, हेच मला ठरवता येईना.

आता मी मागतोय. माझं चुकलं.

हे वाचून तुला वाटलं की ह्या माणसाला शेजारी बसवायचा न्हाय, तर टॉवेल तसाच राहू दे, मी काय म्हणणार न्हाय. बसवायचा आसंल तर रविवारी गाडी घेऊन हिकडं ये. एकट्यानं बाहेर काढायची न्हाय म्हणतोस, तर भाभीला घे. घाई करू नको, चढाला तापली तर थांब, बॉनेट उघड, गार होऊ दे.

आमच्या गावच्या फाट्यावर दुधाच्या कॅनांपाशी मी असतो. सातला धारा काढून होत्यात, तवापासनं उभा ऱ्हातो. तुला कितीबी वेळ लागू दे.

उदा